धाब्याची खारी माती

आत्याबाई, आधी आनंदाचं सांगते. तुमच्या नातवाची पोरगी बाळंत झाली, जळगावला, दवाखान्यात. मुलगी झाली आणि मी पणजी झाले. ज्यानं विचारलं नाही त्यालाही सांगून आले, पिठाच्या गिरणीवर तर दोनदा. बाळाचं जावळ एवढं दाट की दवाखान्यातली बाई म्हणाली, हिची आजच वेणी घाला. नातीची आई ऑफिसात जाते, धुळ्याला दिवसभर घरी कोणी नाही, म्हणून नात म्हणते सव्वा महिना मी आजीकडेच राहणार, मागच्या खोलीत. पुढं आता स्लॅब आहे, पण तिथं केळीच्या गाड्यांचा धुरळा आणि आवाज. मागची खोली तुम्ही गेलात तेव्हा होती तशीच, धाब्याची. छताला लाकडी सऱ्यांवर काड्या, त्यावर माती. मी तिला हात लावू दिला नाही, थंडीत अशी ऊब दुसरीकडे नाही. पण पोराचा फोन आला, "माय, हल्ली दिवाळीनंतरबी पाऊस पडतो. एवढंसं लेकरू अन् वर माती. रविवारी घेऊन येतो दोघींना, पण एक थेंब जरी गळला, तर गाडी तशीच धुळ्याला वळवीन." मी म्हटलं, "ये तू खुशाल. तुझ्या आजीचं धाबं आहे ते." म्हटलं खरं, पण तेव्हापासून माझं बूड खाटेला टेकत नाही. चहा ठेवते आणि आभाळ बघायला बाहेर जाते, तोवर चहा उतू जातो.

तुमची सून होऊन मला वर्ष झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट तुम्ही विसरला नसाल. पावसाळ्यात धाब्यावर गुडघाभर गवत माजलेलं, दसरा झाला आणि तुम्ही म्हणालात, वर जाऊन साफ कर. साफ म्हणजे काय, हे मी माहेरून शिकून आले नव्हते, आमच्याकडे कौलं. मी सकाळभर बसून एकेक काडी मुळासकट उपटली. काय छान निघत होतं! वाफा निंदावा तसं धाबं निंदून काढलं आणि खाली येऊन तुम्हाला म्हटलं, बघा. तुम्ही त्या दिवशी शेतातून उशिरा आलात, बघायचं राहून गेलं. मार्गशीर्षात दोन दिवस पाऊस लागला आणि प्रत्येक मुळाच्या भोकातून पाणी आत. मी परात ठेवते, घंगाळ ठेवते, शेवटी वाट्या ठेवते. तुम्ही मधोमध उभ्या, डोक्यावर पोतं, आणि मला म्हणता, "कायले उपटलं व? चाळणी केली तू घराची. आता बस, पीठ चाळ." मला हसू आलं आणि रडूही आलं, त्यावर तुम्ही आणखी चिडलात. ऊन पडल्यावर मला नदीकाठी नेलंत, पांढरी खारी माती टोपलीत भरून माझ्या डोक्यावर दिलीत. गवत विळ्यानं बुडापासून कापायचं, मूळ आत राहू द्यायचं, वरून खारी पसरायची, पाणी शिंपडून लाकडी थापीनं चोपायची, म्हणजे मूळ तिथंच मरतं आणि भोक पडत नाही. पाणी वाहून जायला पन्हाळ्याकडे उतार. पश्चिमेच्या भिंतीला कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा कूड, तिरपा पाऊस त्यावर मारावा, भिंतीवर नाही. तुम्ही बोलत होतात आणि मी चोपत होते, हाताला फोड आले. रात्री त्या फोडांना तुम्हीच तेल लावलंत. तोंड मात्र फिरवून बसला होतात.

तर यंदा माझे गुडघे शिडी चढत नाहीत. शेजारची सून वर चढली. ती धुळ्याकडची, स्लॅबच्या घरात वाढलेली, कामाला वाघीण. मी खाली खाटेवर बसून हुकूम सोडते. थोड्या वेळानं वरून आवाज, "आक्का, बठ्ठं गवत काढी टाकू का? मुळी धरी ओढलं तं लगेच निंघस!" माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? "कायले उपटलं व?" अगदी तुमचा आवाज. ती घाबरून थांबली, मग हसत सुटली, "आक्का, सासू आली का तुमच्या अंगात?" आली असेल. पण तोवर तिनं कोपऱ्यात हातभर जागा उपटून मोकळी केली होती. म्हटलं, तिथं दुप्पट खारी घाल, दुप्पट चोप. तिनं चोपली. पऱ्हाट्यांचा कूड मी स्वतः बांधला, तो बसून बांधता येतो. पन्हाळ्यातून कबुतराचं घरटं निघालं, रिकामं होतं.

काल दुपारी दोन्ही दारं लावून मी आत बसले आणि तिला वरून पाण्याच्या कळशा ओतायला लावल्या. एक, दोन, तीन. सगळं कोरडं. मी तर पाळण्याची दोरी बांधायला उठले. पाचव्या कळशीला थेंब पडला, माझ्या हातावर. त्याच कोपऱ्यात, जिथं पाळण्याची कडी आहे. एकच थेंब, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. वरून ती विचारते, "आक्का, गळस का?" मी म्हटलं, "नाही गं, कोरडं आहे." असं का म्हटलं, मलाच कळलं नाही. नंतर उरलेला दिवस मी त्या कोपऱ्याखाली उभी. पाळणा दुसरीकडे बांधावा तर दुसरी कडी नाही. खरं सांगावं तर लेकरू धुळ्याला जातं, आणि मी इथं दूध तापवून कोणाला देऊ? न सांगावं तर एवढ्याशा जिवाच्या टाळूवर थंड पाणी.

आज सकाळी तिला थेंबाचं खरं सांगितलं आणि परत वर चढवलं. उद्या रविवार. आभाळ भरून आलंय, येईना का. पोरगा येईल, छताकडे मान वर करून बघेल, मी म्हणेन तुझ्या आजीची पद्धत आहे ही, शिकून घे. हे पत्र काही कुठं जाणार नाही, म्हणून तुम्हाला एकटीलाच सांगते. त्या कोपऱ्यातली खारी आम्ही काढली, खाली निळी ताडपत्री अंथरली आणि वरून माती पुन्हा चोपून टाकली. बाहेरून काही दिसत नाही.