किनुयोचं परतीचं तिकीट

उवाजिमा, ५ जुलै १९७१

चि. किनुयोस बाबांचे अनेक आशीर्वाद.

मासळीबाजारातला माझा शेवटचा लिलाव परवा झाला. आता घरात गप्प बसायचं म्हणजे शिक्षाच. तुझी आई असती तर तिनेच मला बाहेर पिटाळलं असतं.

ओची गुरुजींचा गळा बसलाय. सोरोबानच्या वर्गात हिशेबाचे मणी सरकवणाऱ्या मुलांना आकडे वाचून दाखवायला माणूस हवंय आणि त्यांनी तुझंच नाव घेतलं. लेखापालाच्या परीक्षेत दोनदा आपटलीस. यंदाही तेच झालं तर मुकाट्याने घरी ये. आईचं सोरोबान पाठवतोय. सुकी मासळीही आहे, ती मैत्रिणींना वाटत बसू नकोस.

वाट पाहणारे,
बाबा

ओसाका, १४ ऑगस्ट

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

परीक्षा झाली. मासळी मैत्रिणींनीच फस्त केली.

पेपरात आईच्या सोरोबानने घोटाळा केला. गुरुजींच्या वर्गातली सवय. गणित सुरू करताना मी मणी खाडकन झटकले. शेजारचे गृहस्थ दचकले आणि पर्यवेक्षकांनी बजावलं की पुन्हा आवाज आला तर सोरोबान काढून घेऊ. मग ते बाजूला ठेवून मांडीवर नुसती बोटं चालवली. लहानपणी जेवताना तुम्ही लिलावाच्या चालीत आकडे म्हणायचात आणि मी भात सोडून हवेत मणी सरकवायचे, तशीच. पेपर कसा गेला, देव जाणे.

बाबा, स्पष्ट लिहिते, रागावू नका. नापास झाले तरी मला घरी बोलावू नका. कचेरीत दिवसभर छळणारा ताळेबंद संध्याकाळी जुळतो तेव्हा मला जेवणाचीही आठवण राहत नाही. हेच काम मला करायचंय. तुम्ही एकटे आहात हे कळतं, म्हणून लिहायला हात धजत नव्हता.

माझ्यावरचा लोभ कमी करू नका.

आपली,
किनुयो

उवाजिमा, २ सप्टेंबर

चि. किनुयोस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तरी गुरुजींना सांगून आलो की मुलगी येणार नाही. ते म्हणाले, मग तुम्हीच या, तुमचा आवाज अख्ख्या बंदराला ठाऊक आहे. गेलो आणि सवयीने सुसाट वाचत सुटलो. एक चिमुरडी हात वर करून म्हणाली की आजोबा, आम्हाला मासे घ्यायचे नाहीत, जरा सावकाश. सगळा वर्ग हसला, मीही हसलो. आता रोज जातो. भूकही लागते.

निकाल डिसेंबरात ना? लागायचा तो लागो. नववर्षाला घरी ये, तुझ्या वाटणीची तांदळाची मोची खायला ठेवतो. ओसाकाला परतायचं तिकीट मात्र आधीच काढून ठेव. सुटीच्या गर्दीत ते मिळत नाही, आणि तुझं काम खोळंबायला नको.

लोभ आहे तसाच आहे.

तुझे,
बाबा