साखळीवरचं ग्रीस

मंगळवार, निरगुडसर

सूनबाई उद्यापासून यांची मोटारसायकल घेऊन नारायणगावला कामाला जाणार. हे गेल्यापासून दोन वर्षं गाडी उभीच. साखळीवर यांनी लावलेलं ग्रीस धुळीनं काळं, घट्ट झालेलं. मी ते कधी पुसलं नाही. का, ते कुणाला सांगितलंही नाही.

आज डिझेलमध्ये ब्रश बुडवून ती थांबली. "आत्या, हे मामांच्या हातचं हाय. काढू का?"

"काढ. न्हाईतर वाटेत अडकशील."

"मग चाक तुमी फिरवा. हळू, दळायचं जातं नाय ते."

मी फिरवत राहिले. तिनं एकेक कडी घासली, पुसली, मग आतल्या बाजूनं थेंब थेंब तेल सोडलं. ग्रीस सगळं निघालं. पण विचारलं तिनं. कसं ओळखलं असेल?

यांनी गाडीला कधी कुणाला हात लावू दिला नाही. हिला दिला असता.