मागची सीट

वर्धा, रविवार, संध्याकाळ

डोकं अजून भणभणतंय. मी स्कूटी शिकायला घेतल्यापासून हे रोज ओट्यावर चहा पीत ओरडतात, "जमते तुले, जमते!" शेजारच्या काकू अंगठा दाखवतात. सगळ्यांना माझं भारी कौतुक. मागच्या सीटवर बसायला मात्र कोणी तयार नाही.

आज तर कमालच झाली. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, पवनारला बहिणीकडे जायचं होतं. मी म्हटलं, मी सोडते. ह्यांनी लगेच ऑटोवाल्याला फोन लावला. "जमते तुले, पण माय म्हातारी हाय ना."

मग 'जमते' म्हणजे काय? जमत नाही, असंच ना? तोंडावर तसं सांगितलं असतं तर एवढा राग आला नसता.

ऑटो दारात आला. आत्याबाई चपला घालून निघाल्या त्या सरळ स्कूटीपाशी. माझ्या भाजीलाही कधी बरी न म्हणणारी ही बाई! "काऊन उभी राह्यली? चाल," म्हणाल्या, आणि मागे बसून माझा खांदा धरला.

पवनार येईपर्यंत तो सोडला नाही. उतरल्यावर म्हणाल्या, "उद्या घ्याले येजो. अन् त्याले सांगजो, ऑटो धाडू नोको."

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "जमलं?" मी आत्याबाईंचा निरोप तेवढा सांगितला.

खांदा अजून ठणकतोय. पाचही बोटं उमटली आहेत. केवढी घाबरली असेल बाई, आणि तरी बसली.