महिन्याला किती सुटतात?

सर,

तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी आज तुमच्यावर चिडलेय. दुसऱ्या कोणावर चिडणार म्हणा! डोंबिवलीतल्या एका खाजगी संस्थेत सोलर पॅनल बसवायचा कोर्स निघालाय, तिथे शिकवायला मला बोलावलंय. पगार ठरलेला, दर महिन्याला, पाऊस असो नसो. मला ती नोकरी हवीय सर, फार हवीय. आज तिथे ट्रायल लेक्चर होतं. तिथून आल्यापासून एका जागी बसवत नाहीये. कपड्यांच्या घड्या घालते, पुन्हा मोडते.

वायरमनच्या कोर्सचं कल्याणचं तुमचं वर्कशॉप सारखं आठवतंय. वीस मुलगे आणि मी एकटी. मी चालू बोर्डला टेस्टर लावतेय आणि मागून तुम्ही ओरडता, "डावा हात खिशात! दोन्ही हात लागले तर करंट छातीतून जाईल, कळतंय का?" मी म्हणते, "सर, पंजाबी ड्रेसला खिसा नसतो." सगळा वर्ग फिदीफिदी हसतो. तुम्ही दुसऱ्या दिवशी टेबलावर एक खाकी अ‍ॅप्रन टाकता, डावीकडे हा एवढा मोठा खिसा, काकूंनी शिवलेला. "आता कारणं नकोत." मला साधं थँक्यूसुद्धा म्हणता आलं नाही तेव्हा, रडूच येत होतं.

सोलरमध्ये गेले ती सगळे म्हणत होते म्हणून. "अगं, या लाइनला स्कोप आहे, स्कोप!" काम भरपूर आहे, नाही कशाला म्हणू. टिटवाळ्याच्या नव्या बिल्डिंगी, खडवलीकडचे बंगले, सगळ्यांना गच्चीवर पॅनल हवेत. पण स्कोप कोणाला? पॅनल विकणारा इस्त्रीच्या शर्टात फोटोपुरता वर येतो आणि दोन वर्षांत मॅनेजर होतो. आम्हाला किलोवॉटमागे पैसे, जितकं बसवलं तितके. आठ वर्षांत मला सिनियर म्हणायला लागले, बस्स, तेवढंच. मार्चमध्ये कंपन्यांना वर्ष संपायच्या आत काम उरकायचं असतं, तेव्हा एका दिवसात दोन-दोन साइट. जुलैत घरी बसून मोबाइल बघायचा. तापलेल्या पत्र्यावर टेकून टेकून गुडघ्यांची पार वाट लागलीय. काम मात्र आवडतं हो. सूर्याला मेन स्विच नाही, ऊन आहे तोवर पॅनलमध्ये करंट आहेच. तिथे तुमची शिस्तच उपयोगी पडते.

आज लेक्चर चांगलं झालं. संपल्यावर एक बाई पुढे आल्या, सोबत बारावी झालेली मुलगी. बाई एमआयडीसीत पॅकिंगला जातात. "मॅडम, हिला या लाइनला घालू का? महिन्याला किती सुटतात?"

हेच मी तुम्हाला विचारलेलं, कोर्सच्या शेवटच्या वर्षी. तुम्ही चष्मा पुसत बसलात आणि म्हणालात, "माझा पगार एक तारखेला होतो. तुझा किती असेल ते मी कुठल्या तोंडाने सांगू? बाहेर जा, दोन वायरमनना विचार. पावसाळ्यात किती मिळतात तेही विचार." इतका राग आलेला! धीर द्यायचा सोडून हे काय बोलतात, असं वाटलेलं.

संस्थेचे मालक दारात उभे होते, माझ्याकडेच बघत. मी मार्चचा आकडा सांगितला. दर महिन्याला तेवढेच मिळतात अशा थाटात सांगितला. बाई मुलीला म्हणाल्या, "बघ, बाईमाणूस असून एवढं कमावतात," आणि फी भरायला गेल्या. त्यांना थांबवायला मला दोन पावलं टाकायची होती फक्त. नाही टाकली.

तुमचा पत्ता असता तरी हे पत्र मी पाठवलं नसतं. निघताना मालकांनी विचारलं, सोमवारपासून येणार का. विचार करून सांगते असंसुद्धा मी म्हटलं नाही, सर. लगेच हो म्हटलं.