आईची जांभळी साडी

गोपिकामावशी, नमस्कार.

भल्यासाठी का होईना, आईला फसवणं बरोबर होतं का, हे मी अजून स्वतःला विचारते आहे. हे पत्र पाठवणारही नाही, कारण तू ते तिलाच वाचून दाखवशील.

बाबा गेल्यापासून आई राखाडीच साड्या नेसते. कॉलेजात मी विधवांच्या हक्कांवर भाषण केलं होतं, म्हणून पहिल्या पगारात तिच्यासाठी जांभळी आणली. मोतीबिंदूमुळे तिला ती मळकट दिसली. "राखाडीच हाय ना?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं, आणि ती नेसून आई बाजारातही जाऊ लागली. शेजारच्या बारशाला ती तीच नेसून आली आणि तू रंगाचं नाव काढलंस, तेव्हा म्हणूनच तुझा हात दाबला.

गेल्या आठवड्यात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. घरी येताच तिला दोरीवरची साडी दिसली.

"हे वांग्याच्या रंगाचं कोनाचं लुगडं?"

मी खरं सांगितलं.

"सारा भाजीबजार पाहून राह्यला होता, अन् मलेच ठाव नाई! शिकली म्हून मायले आंधळी समजली काय?"

 दोन दिवसांनी ती म्हणाली, "लोकायचं सोड. चटक रंग अंगाले टोचते मले. नाई टोचला, तर मीच मांगीन."

काल तिला दुकानात नेलं. अबोली साडी तिनं दारातल्या उजेडात नेली, तिच्यावरून हात फिरवला आणि परत ठेवली. राखाडी उचलली. मी तीच बांधून घेतली.

तुझी भाची,
गुंजन