मोठ्या ड्रममधली रजई

अहो वादनसम्राट,

जेवण झाकून ठेवलंय.

तुमच्या मोठ्या ड्रममधून कुबट वास येत होता, म्हणून आज त्याच्या तोंडावर ताणलेलं पुढचं पान सोडवलं. आत माझ्या आईची रजई! नीट बसावी म्हणून कात्री चालवून दोन तुकडे केलेले, घड्यांत झुरळांची अंडी, वर तुमचा घामट मोजा. शी! शिसारी आली.

आवाज दाबायला रबराच्या चकत्या मिळतात, जाळीची पानं मिळतात. खाली जुना गालिचा टाकलात तरी चाललं असतं. तुम्हाला नेमकी आई गेल्यावर उरलेली एकच वस्तू दिसली?

याच रजईपायी मी माझ्या धाकट्या बहिणीला फोनवर चोर म्हटलं. तुम्ही समोर चहाचे घुटके घेत मूग गिळून बसला होतात. झुरळं परवडली, झाडूने मरतात तरी.

दोन्ही तुकडे घेऊन तिच्याकडे माफी मागायला चालले आहे. तिने दार उघडलं तर राहीन. नाही उघडलं तर पायरीवर बसेन, पण इथे नाही.

आवाज मात्र झकास बंद केलात हो. दोन महिने झाले, धाकटीचा फोन वाजलेला नाही.