हाकेला आलेला

जि. कपूरथला, पंजाब
५ नोव्हेंबर २०२४

ती. विनयाआत्यास रचनाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. मी सुखरूप आहे. दोन नद्यांमधल्या या दुआबाला बिस्त म्हणतात, ब्यास आणि सतलज या नद्यांची सुरुवातीची अक्षरं जोडून. ब्यास कुठून कुठे सरकत गेली, त्याचा नकाशा मी करते आहे. घरातली पहिली पदवीधर दिवसभर वाळू तुडवते, हस आता!

राहते त्या कोठीचे, म्हणजे बंगल्याचे, मालक कॅनडात. गावातल्या बहुतेक कोठ्या अशाच रिकाम्या, घरचं कुणी परदेशी गेल्याची खूण म्हणून गच्चीवर सिमेंटची विमानं. राखणदार गुरमीतबीबीने एकच बजावलंय, तिन्हीसांजेला नदीच्या जुन्या पात्राकडे तोंड करून कुणाला हाक मारायची नाही. आपण तर रोज खाडीकडे तोंड करून शेतातल्या माणसांना बोलावतो! काल राहवलं नाही. वाडी विकण्यावरून भांडून निघून गेलेल्या आपल्या संकेतला, माझ्या धाकट्या भावाला, मी घरी ये म्हणून हाक मारली. कळलं का काही त्याचं?

तुझी माया असू दे.
रचना

होळी, वसई
१२ नोव्हेंबर

चि. रचनास अ. उ. आ.

अगं, संकेत आला! तू हाक मारलीस त्याच संध्याकाळी. कमरेपर्यंत भिजून दारात उभा. ताईने बोलावलं म्हणाला, आणि मला ते स्पष्ट ऐकू आलं बघ. वाडी विकायचं नाव काढत नाही, पहाटे उठून केळींना पाणी सोडतो. मासळीला मात्र शिवत नाही. आणि पाय कितीदा धुतले तरी वाळू पडतेच. आपला चिखल काळा, ही पांढरी, चकाकणारी.

जेवत जा वेळेवर.
तुझी आत्या

१८ नोव्हेंबर

ती. आत्यास सा. न.

संकेत इथे आहे. कॅनडाला पाठवणाऱ्या एजंटाला भेटायला दिवाळीच्या आधीच जालंधरला आला होता. आता माझ्यासमोर बसून चहा पितोय. ती वाळू ब्यासची आहे, आत्या. मालकांचा थोरला मुलगा याच पात्रात बुडाला. कॅनडाला जाईपर्यंत त्याची बीजी, म्हणजे आई, रोज संध्याकाळी त्याला हाका मारायची, असं बीबी आज रडत म्हणाली. शेजारच्या प्रिस्काला फोन करून तुला सांगायला लावलं, तर म्हणे तू नुसती हसलीस. तिच्याकडे राहायला जा. हात जोडते.

रचना

होळी, वसई
२५ नोव्हेंबर

चि. रचनास अ. उ. आ.

प्रिस्काने सगळं कागदावर लिहून दाखवलं होतं. तो आपला नाही, हे मला पहिल्याच रात्री कळलं. मला तो बीजी म्हणतो. संकेतला सांग, खुशाल जा कॅनडाला, वाडीची काळजी मिटली. खारट झालेली विहीर या आठवड्यात गोड झाली, तळाशी पांढरी वाळू दिसते. तुझ्या नकाशात हेही मांड.

लोभ ठेव, पण तिन्हीसांजेला गप्प राहा. तिकडून कुणी हाक मारली की हा हातातला घास टाकून उठतो, आणि मला त्याला धरून ठेवावं लागतं.

तुझी आत्या